अर्ज हेही कलेचेच काम

गुढीपाडवा जवळ आला की विट्यात यात्रा कमिट्यांच्या माणसांची वर्दळ वाढते. पुणे जिल्ह्यातले नारायणगाव आणि सांगली जिल्ह्यातले विटा ही तमाशाच्या सुपाऱ्या ठरण्याची जुनी, नावाजलेली ठिकाणे. बोलणी मुद्द्याची असतात. यात्रा कोणत्या तिथीला, वग कोणता, फडात माणसे किती, रात्रीच्या खेळाबरोबर सकाळची हजेरी धरायची की नाही, आणि आकडा किती. इसार हातावर पडला, वहीत गावाचे नाव आणि तारीख चढली की व्यवहार पक्का. त्या वहीवर दोन्ही बाजूंचा विश्वास असतो, कारण शब्द मोडला तर पुढच्या वर्षी त्या गावात तोंड दाखवता येत नाही. हाच फड सरकारी अनुदानासाठी अर्ज करतो तेव्हा मात्र त्या वहीला फारशी किंमत उरत नाही. माझे म्हणणे इथूनच सुरू होते. अनुदान मिळणार की नाही याचा पहिला निकाल कला पाहण्याआधीच, कागद जमवतानाच लागून जातो. म्हणून कागद जमवण्याचे हे काम योजनेचाच भाग मानून सरकारने त्यासाठी तालुक्याला माणूस आणि पैसा दिला पाहिजे.

योजनांची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी, लावणी यांच्या पथकांना भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान देते. केंद्राचे संस्कृती मंत्रालय सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठी साधारणपणे ५ लाखांपर्यंत, अपवाद म्हणून २० लाखांपर्यंत मदत करते. गुरू-शिष्य परंपरा टिकावी म्हणून मासिक सहाय्याची वेगळी योजना आहे. उतारवयातल्या कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून श्रेणी न पाहता सर्वांना महिना ५ हजार रुपये देण्याचे ठरले आहे. त्याआधी अ, ब आणि क अशा श्रेणींनुसार ही रक्कम ३१५० ते २२५० रुपये होती. म्हणजे सरकारला कलावंतांची पर्वाच नाही, ही तक्रार खरी नाही. अडचण आहे ती या योजना आणि ज्यांच्यासाठी त्या काढल्या ती माणसे यांच्या मधल्या अंतरात.

अर्जाची एक फाईल नीट उघडून पाहिली की हे अंतर दिसते. सगळ्यात वर संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद, घटना, कार्यकारिणी आणि ठराव लागतात. फड चालतो मालकाच्या नावावर. आटपाडी-जत भागातले गजी नृत्याचे मंडळ चालते भावकीवर आणि देवाच्या यात्रेवर. त्यांना अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे केवळ अर्जासाठी उभी करावी लागतात. त्याखाली पॅन, बँक खाते, तपासलेले हिशेब. मग खर्चाची पावती. ढोलकी ज्या कारागिराकडून मढवून घेतली त्याच्याकडे छापील बिलबुक नसते, आणि पावतीशिवाय तो खर्च झालाच नाही असे धरले जाते. मग येतो अनुभवाचा पुरावा. मानधनासाठी कलेत १५ वर्षे घालवल्याचे दाखवावे लागते. ज्या बाईने कोवळ्या वयात पायांत चाळ बांधले आणि पंचवीस हंगाम फडात काढले, तिच्याकडे त्या हंगामांचा एकही कागद नसतो. फडात हजेरीपट नसतो, नेमणुकीचे पत्र नसते, उचल दिल्याची नोंद असलीच तर मालकाच्या वहीत. शिवाय नावाचा घोळ वेगळाच. तमाशात माणूस गावाच्या किंवा टोपणनावाने ओळखला जातो. कवलापूरच्या ज्या काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’ गावोगाव गाजवला ते कागदावर लहू आणि अंकुश खाडे. त्यांची ख्याती इतकी मोठी की प्रश्न उरत नाही, पण फडातल्या साध्या सोंगाड्याचे जाहिरातीवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही, की त्याची सगळी कात्रणे दुसऱ्या कुणाची तरी ठरतात.

वेळेची गोष्ट याहून अवघड आहे. सरकारचे वर्ष ३१ मार्चला संपते, फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि यात्रा संपल्या की थांबते. यात्रांचा मुख्य हंगाम चैत्र-वैशाखाचा. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. म्हणजे एकच हंगाम कधी पूर्ण एका आर्थिक वर्षात बसतो, कधी दोन वर्षांत तुटतो. जो खर्च ३१ मार्चपूर्वी दाखवायचा तो कधी कधी व्हायचाच असतो, आणि ज्या दिवसांत हिशेब मागितला जातो त्याच दिवसांत फड रोज वेगळ्या गावात असतो. अर्जाच्या मुदतीचेही तसेच. २०२५ मध्ये राज्याने १८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये देण्याचे ठरवले. निर्णय चांगला होता, गावातल्या अगदी लहान मंडळापर्यंत पोचणारा होता. पण ऑनलाइन अर्जाची मुदत होती २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. ज्या पंधरवड्यात मृदंगाला उसंत नसते, नेमक्या त्याच पंधरवड्यात मंडळाने कागद गोळा करून संगणकासमोर बसायचे होते. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण मुदत ठरवताना मंडळाचा दिनक्रम कुणी विचारात घेतला नाही, हे उघड आहे.

पैशाचा क्रमही उलटा आहे. हंगाम उभा करताना मालकाला कलावंतांना उचल द्यावी लागते, गाड्या लावाव्या लागतात, तंबू आणि कनाती दुरुस्त कराव्या लागतात. हे पैसे बहुतेक वेळा व्याजाने काढलेले असतात. केंद्राच्या कार्यक्रम अनुदानात मंजूर रकमेचा एक चतुर्थांश भाग कार्यक्रम झाल्यावर, हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळतो. प्रकल्पाचा काही वाटा संस्थेने स्वतःही घालायचा असतो. शहरातल्या नाट्यसंस्थेला हे झेपते, तिच्याकडे सभासदांची वर्गणी असते, लेखापरीक्षक ओळखीचा असतो. सावकाराचे व्याज भरणाऱ्या फडाला हीच अट परवडत नाही. दोघांना एकच नियम लावला म्हणून न्याय झाला असे होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जनतेच्या पैशाचा. कागद मागितले नाहीत तर खोटे फड, खोटी मंडळे उभी राहतील. ही भीती रास्त आहे, आणि कागद नकोतच असे मी म्हणत नाही. प्रश्न कोणता कागद खरा पुरावा मानायचा हा आहे. फड गावात खेळला की नाही हे ग्रामपंचायत, यात्रा कमिटी आणि बंदोबस्त देणारे पोलीस ठाणे या तिघांनाही ठाऊक असते. ग्रामपंचायतीचा दाखला, कमिटीची सुपारीची पावती आणि परवानगीची प्रत हे तीन कागद एकत्र आले तर त्यांची बनावट करणे जुळवून आणलेल्या कात्रणांपेक्षा किती तरी कठीण. शिवाय तमाशाला सरकारी कागद नवा नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ १९५४ पासून आहे, आणि वगाची संहिता तपासून घेण्याची शिस्त फडांनी तेव्हापासून पाळली आहे. जे फड संहितेला प्रमाणपत्र मिळवू शकतात ते हिशेबही ठेवू शकतील, त्यांना कुणी तरी शेजारी बसून दाखवले पाहिजे. आज हे काम दलाल करतात, आणि त्यांचा मोबदला अनुदानातूनच जातो. कागद जितका किचकट तितका दलालाचा वाटा मोठा, म्हणून काटेकोरपणामुळे गैरव्यवहार थांबतो हे गृहीतक तपासून पाहायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. तमाशा प्रेक्षकांच्या पैशावर वाढला, त्याला सरकारी कुबड्या कशाला? जी कला लोक पाहत नाहीत ती संपू द्यावी. या म्हणण्याला तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचे आयुष्य हे उत्तर आहे. त्यांना प्रेक्षक कमी नव्हते, राष्ट्रपती पुरस्काराचा मानही मिळाला होता. तरी २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीत. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. लोक पाहतात म्हणून कलावंत तरतो, असे होत नाही, कारण तिकिटाचा किंवा सुपारीचा पैसा हंगामापुरता असतो, म्हातारपण आणि आजारपण बारमाही. करोनाच्या काळात हे आणखी स्पष्ट झाले. २०२० आणि २०२१ च्या यात्रा बंद राहिल्या, म्हणजे सलग दोन चैत्र बुडाले. राज्याने सुमारे ५६ हजार कलावंतांना एकदाच ५ हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. कलावंतांची गावनिहाय नोंद तयार असती तर ती मदत दारात पोचायला इतके महिने लागले नसते. नोंद ठेवण्याचे काम कुणाचेच नव्हते, म्हणून ते कुणीच केले नव्हते.

ते काम विट्यासारख्या गावात सुरू करणे अवघड नाही. पंचायत समितीच्या किंवा नगरपरिषदेच्या कचेरीत, हंगामापूर्वीच्या पावसाळ्यात, एक जाणता माणूस बसवावा. त्याने फड, गजी मंडळे, शाहीर, भजनी मंडळे यांची नावे, आधारवरची आणि रंगमंचावरची दोन्ही, एका नोंदवहीत लिहावीत. पावत्या कशा घ्यायच्या ते दाखवावे, आणि अर्जाची मुदत श्रावण-भाद्रपदात न ठेवता आषाढात ठेवा असे संचालनालयाला कळवावे. सरकार हे करील तेव्हा करील, तोवर विट्यानेही हात लावावा. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात इथली माणसे देशभर पोचली आहेत. ती गावच्या यात्रेला देणगी देतात, त्याच मायेने एका फडाच्या लेखापरीक्षणाचा खर्च उचलू शकतात. इथल्या महाविद्यालयांतले वाणिज्य शाखेचे विद्यार्थी एका मंडळाचा वर्षाचा हिशेब सहज लिहून देऊ शकतात. तुम्हाला जमाखर्च मांडता येत असेल, तर येत्या पावसाळ्यात आपल्या गावातले एक मंडळ निवडा आणि त्याची फाईल पुरी करून द्या.