देशोदेशीचा कारभार : लेखांक ७
आयर्लंडचे टीशक आणि त्यांची खाती

२७ जानेवारी १९८२ रोजी डब्लिनमध्ये एक सरकार लहान मुलांच्या बुटांवरून पडलं. गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या आघाडी सरकारने अर्थसंकल्पात मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर मूल्यवर्धित कर लावायचं ठरवलं होतं. मुलांच्या बुटांना सूट दिली, तर लहान पावलांच्या बायका तेच बूट घेऊन कर चुकवतील, असा युक्तिवाद फिट्झजेराल्ड यांनी केल्याचं आजही सांगितलं जातं. सरकार अपक्षांच्या टेकूवर उभं होतं. त्यांतले लिमरिकचे समाजवादी खासदार जिम केमी विरोधात गेले आणि निकाल लागला : ८२ विरुद्ध ८१. सरकार एका मताने हरलं.

फिट्झजेराल्ड त्याच रात्री राष्ट्रपती पॅट्रिक हिलरी यांच्याकडे गेले आणि सभागृह विसर्जित करण्याचा सल्ला दिला. इथे आयर्लंडच्या राज्यघटनेतली एक विलक्षण तरतूद आहे. बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने विसर्जन मागितलं, तर ते नाकारण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या मर्जीवर सोडलेला आहे. तो वापरला जावा म्हणून विरोधी फीना फॉइल पक्षाकडून राष्ट्रपतिभवनात फोन गेले. हिलरी यांनी दाद दिली नाही. निवडणूक झाली. ते फोन मात्र आठ वर्षांनी पुन्हा वाजले. १९९० मध्ये त्याच पक्षाचे ब्रायन लेनिहन राष्ट्रपतिपदासाठी उभे होते. त्या रात्री आपण फोन केलाच नाही, असं ते म्हणाले. उलट सांगणारी ध्वनिफीत बाहेर आली, त्यांचं मंत्रिपद गेलं आणि राष्ट्रपती झाल्या मेरी रॉबिन्सन. विसर्जन नाकारण्याचा तो अधिकार आजवर एकदाही वापरला गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात आपण १९३७ ची आयरिश राज्यघटना कशी आली ते पाहिलं. एमन डी व्हॅलेरा यांनी घडवलेल्या त्या घटनेने पंतप्रधानाला ‘टीशक’ हे नाव दिलं आणि पहिले टीशक तेच झाले. टीशकना खालचं सभागृह, म्हणजे डॉल, नाव घेऊन मतदानाने निवडतं. राष्ट्रपती फक्त नेमणूक करतात. मंत्री किती असावेत हेही घटनेतच लिहिलंय : कमीत कमी ७, जास्तीत जास्त १५. टीशक, उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री हे डॉलचेच सदस्य हवेत. वरच्या सभागृहातून दोनपेक्षा जास्त मंत्री घेता येत नाहीत. या आकड्यांची खरी कसोटी लागली ती जानेवारी २०११ मध्ये. आर्थिक संकटात सापडलेल्या टीशक ब्रायन कोवेन यांचे मंत्री एकामागून एक बाहेर पडले, शेवटी ग्रीन पक्षही गेला आणि मंत्रिमंडळात उरले नेमके सात. आणखी एक जण गेला असता, तर घटनेतली किमान संख्याही उरली नसती.

मंत्र्यांविरुद्ध टीशकच्या हातात मोठं हत्यार एकच : मंत्र्याला घरी पाठवणं. मे १९७० मध्ये जॅक लिंच यांनी चार्ल्स हॉही आणि नील ब्लेनी या दोन बड्या मंत्र्यांना शस्त्रखरेदीच्या प्रकरणावरून काढलं होतं. एरवी रोजच्या कारभारात हुकूम चालतो तो त्या-त्या खात्याच्या मंत्र्याचा.

याचं मूळ १९२४ च्या ‘मंत्री आणि सचिव’ कायद्यात आहे. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडने ब्रिटिश अमलातल्या विस्कळीत मंडळांची आणि कचेऱ्यांची मोट बांधून ११ खाती केली आणि प्रत्येक मंत्र्याला कायद्याने कायमस्वरूपी अस्तित्व दिलं. जमीन, करार, कोर्टातला खटला, सगळं ‘मंत्री’ या पदाच्या नावावर. माणूस बदलला तरी पद तसंच राहतं. खात्यांची नावं बदलणं, एका खात्याचं काम दुसऱ्याकडे देणं, हे सरकारी आदेशाने होतं. त्यामुळे दर निवडणुकीनंतर पाट्या बदलतात.

खात्याचा कणा म्हणजे त्याचा सर्वोच्च अधिकारी, सरचिटणीस (पूर्वी नुसता सचिव). याचं सर्वांत ठळक उदाहरण टी. के. व्हिटेकर यांचं. १९५६ मध्ये अर्थखात्याच्या सचिवपदी आले तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. त्या दशकात सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले. शेती आणि संरक्षित उद्योगांवर भिस्त ठेवण्याचं धोरण निष्फळ ठरलं होतं, आणि अर्थखातं खर्चाला नकार देण्यासाठीच प्रसिद्ध होतं. त्याच खात्यातून व्हिटेकर यांनी १९५८ मध्ये ‘आर्थिक विकास’ हा राखाडी मुखपृष्ठाचा अहवाल काढला : संरक्षक जकाती कमी करा, परदेशी भांडवल येऊ द्या, उत्पादक कामांवर पैसा लावा. सरकारने तो लेखक म्हणून त्यांच्याच नावाने छापला. अधिकारी पडद्याआड राहतो अशा व्यवस्थेत हे धाडस होतं. वर्षभरात शॉन लेमास टीशक झाले आणि देशाची दिशा बदलली.

निर्णय होतो कसा? मंत्री आपल्या प्रस्तावाचं टिपण तयार करतो. ते मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी संबंधित सगळ्या खात्यांकडे फिरतं. पैशाचा प्रश्न असेल तर अर्थखात्याचा शेरा हमखास. प्रत्येकाचं म्हणणं टिपणातच नोंदवलं जातं. मग सहसा मंगळवारी मेरियन स्ट्रीटवरच्या सरकारी इमारतीत बैठक होते. एकदा निर्णय झाला की तो सगळ्यांचा. आतली चर्चा गुप्त राहते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गुप्तता कडेकोट ठरवली आणि १९९७ च्या सार्वमताने तिला काही अपवाद जोडले.

ही सगळी फेरी वेळखाऊ वाटते. पण आयरिश कारभाराची सुरक्षितता तिच्यातच आहे, आणि ती टळली की काय होतं हे २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री दिसलं. बँका कोसळण्याच्या बेतात होत्या. टीशक कोवेन, अर्थमंत्री, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि मोजके अधिकारी रात्रभर सरकारी इमारतीत बसले. इतर मंत्र्यांची संमती मध्यरात्रीनंतर फोनवर घेतली गेली. सकाळी सरकारने सहा बँकसंस्थांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांची हमी जाहीर केली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, देशाला ८५ अब्ज युरोंच्या मदत कार्यक्रमाकडे जावं लागलं. त्या रात्री वेगळं काही करता आलं असतं का, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. पण एवढा बोजा उचलण्याआधी पंधरा जणांनी एका टेबलाशी बसून कागद वाचायला हवे होते, यात शंका नाही.

२०११ मध्ये एन्डा केनी यांच्या सरकारने अर्थखात्याचे दोन तुकडे केले. कर आणि बँका एकीकडे, सरकारी खर्च नव्या खात्याकडे. ते योग्यच झालं. पण त्याच सरकारने टीशक, उपपंतप्रधान आणि पैशाचे दोन मंत्री अशी चौघांची आर्थिक परिषद नेमली, आणि मोठे निर्णय आधी तिथेच ठरू लागले. बाकीच्यांच्या वाट्याला शिक्कामोर्तब उरलं. २०१६ मध्ये ती परिषद गुंडाळली गेली.

मराठी वाचकांना टीशकांच्या यादीतलं एक नाव जवळचं आहे. लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये ३८ व्या वर्षी लिओ टीशक झाले, तेव्हा डॉलमध्ये त्यांना ५७ मतं होती आणि विरोधात ५०. सरकार अल्पमतातलं होतं. पुढे २०२० मध्ये दोन जुन्या प्रतिस्पर्धी पक्षांनी खुर्ची वाटून घेतली. आधी मीहॉल मार्टिन, मग डिसेंबर २०२२ पासून पुन्हा वराडकर. २०२४ मध्ये त्यांनी पद सोडलं, आणि सार्वत्रिक निवडणूक न होता डॉलने सायमन हॅरिस यांना निवडलं.

जानेवारी २०२५ मध्ये मार्टिन ९५ विरुद्ध ७६ मतांनी परत आले. करारानुसार नोव्हेंबर २०२७ मध्ये खुर्ची पुन्हा हॅरिस यांच्या पक्षाकडे जायची आहे. घटनेत अशा वाटणीचा उल्लेख कुठेच नाही. त्यामुळे मार्टिन यांना राजीनामा द्यावा लागेल आणि डॉलला नव्याने मतदान घ्यावं लागेल.