सही घेतली म्हणजे सुटलो?

"आम्ही विनाअनुदानित. सरकारचा छदाम घेत नाही, मग सरकारचा सेवाशर्ती कायदा आम्हाला कशाला?" संस्थाचालक हे इतक्या ठामपणे सांगतात, की स्टाफरूममधले शिक्षकही ते खरं धरून चालतात. वस्तुस्थिती उलट आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम 1977 चा आहे. अनुदान मिळत असो वा नसो, राज्यातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना तो लागू होतो, हे त्याच्या कलम 3 मध्येच लिहिलं आहे. नेमणूक, वेतनश्रेणी, रजा, निलंबन यांचे तपशील 1981 च्या नियमावलीत आहेत. पगार पूर्ण खात्यात जमा करायचा आणि त्यातला काही भाग कार्यालयात बोलावून रोख परत घ्यायचा, या रीतीला संस्था 'आपसातली समजूत' म्हणतात. कायद्याला अशी समजूत ठाऊक नाही.

या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच भाबडी समजूत दिसते: कागदावर सही घेतली की जबाबदारी गेली.

सगळ्यात वापरातला कागद म्हणजे आगाऊ राजीनामा. रुजू होतानाच नेमणुकीच्या पत्राबरोबर एक बिनतारखेचा राजीनामा सही करून घेतात आणि कपाटात ठेवतात. नको झालं की तारीख टाकायची, माणूस 'स्वेच्छेने' गेला. पण कायद्याने राजीनाम्याची रीत बारकाईने घालून दिली आहे, ती याच प्रकाराला आळा बसावा म्हणून. कलम 7 सांगतं, की कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती काढाव्यात, दोन्हींवर सही करून तारीख टाकावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. शिवाय कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस आहे. आता कपाटातला तो कागद यासमोर ठेवून बघा. टपालाची पावती नाही, कर्मचाऱ्याकडे प्रत नाही, तारखेची शाई वेगळी. शाळा न्यायाधिकरणापुढे असा राजीनामा संस्थेच्याच गळ्यात येण्याची शक्यता जास्त.

मग राजीनाम्याची भानगड नको, सरळ काढून टाकू? तेही जमत नाही. कायम कर्मचाऱ्याला गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं आणि चौकशी समिती नेमावी लागते. साधारण शिक्षकाच्या बाबतीत समितीवर एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक कर्मचाऱ्याने निवडलेला खासगी शाळेतला कर्मचारी आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक असतो. अध्यक्षांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता झालेली 'चौकशी' यात बसत नाही. चुकीच्या बडतर्फीची किंमतही मोठी आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं, की बडतर्फी बेकायदा ठरली तर नोकरी परत आणि मधल्या काळाचा पगार, हाच सर्वसाधारण नियम. मधल्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती, एवढं कर्मचाऱ्याने सांगायचं. ती होती हे सिद्ध करणं मालकाच्या माथी.

शिक्षकांच्या बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि तो नोकरी घालवतो. "दोन वर्षं भरली, आता मी आपोआप कायम." कलम 5 मध्ये परिविक्षेची दोन वर्षं आणि त्यानंतरची मानीव कायमता आहे खरी, पण ती रिक्त कायम पदावर, आवश्यक अर्हतेसह आणि रीतसर निवड होऊन परिविक्षेवर नेमलेल्यांसाठी. पद कायम होतं एवढ्यावरून प्रत्येक नेमणूक परिविक्षेवरचीच मानता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2013 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून नेमणुकीचं पत्र नीट वाचावं, जाहिरातीचं कात्रणही जपून ठेवावं. आणि काढलंच, तर न्यायाधिकरणात अपील करायची मुदत 30 दिवसांची आहे. 'अध्यक्षसाहेब शब्दाचे पक्के आहेत' म्हणत ती घालवणारे कमी नाहीत.

ग्रॅच्युइटीचा गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ठरवलं, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही. 2004 मध्ये त्याच न्यायालयाने ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही शिक्षक बसत नाही असं म्हटलं. अनेक संस्थांचं ज्ञान तिथेच थांबलं. संसदेने 2009 मध्ये व्याख्या बदलली, तीही 3 एप्रिल 1997 पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, आणि ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असेल तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, म्हणजे वर्षाला 15,000. बारा वर्षांच्या नोकरीचे 1,80,000. 'ग्रॅच्युइटी मागणार नाही' असं लिहून घेतलेलं पत्र इथे कामाला येत नाही.

नुसत्या कागदावर उरणारी आणखी एक गोष्ट: शाळेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, सदस्यांत किमान निम्म्या महिला आणि एक बाहेरची व्यक्ती. सूचना फलकावर नुसती नावं लावून भागत नाही, 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

सहीचा दुसरा प्रयोग पालकांवर होतो. सहलीच्या आधी 'काही झाल्यास शाळा जबाबदार नाही' हे हमीपत्र. पोहता न येणाऱ्या मुलांना शिक्षक पाण्यात सोडत असतील, तर तो कागद निष्काळजीपणाच्या गुन्ह्यावर पांघरूण घालू शकत नाही. पालकांनी संमती सहलीला दिलेली असते, हलगर्जीपणाला नव्हे.

तिसरा कागद कंत्राटदाराचा. "तो आमचा माणूसच नाही, एजन्सीचा आहे." बदलापूरच्या शाळेतल्या 2024 च्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी कंत्राटावरचा सफाई कर्मचारी होता, आणि घटना पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. इथेच सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे: आधी आपण खातरजमा करू, पालकांशी बोलू, मग पोलिसांचं पाहू. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 खात्री होईपर्यंत थांबायला सांगत नाही. असा गुन्हा घडल्याचं समजलं, किंवा घडू शकेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या कोणालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि शिवाय दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या निवासी शाळेतल्या मुलींच्या प्रकरणात माहिती न दिल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये पुन्हा उभा केला.

'उगाच कोणाचं नाव घेतलं आणि उलटलं तर?' ही मुख्याध्यापकांची भीती खरी असते. तिच्यावरचा उपाय कलम 19 मध्येच आहे: प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मुलीला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा बोलतं करायचं नाही, तिची ओळख बाहेर फुटू द्यायची नाही, सीसीटीव्हीचं चित्रीकरण पुसलं जाण्याआधी जपायचं आणि लेखी माहिती ठाण्यात देऊन पोच घ्यायची. संस्थेच्या अध्यक्षांची परवानगी यात कुठेच लागत नाही.