अर्जदार क्रमांक दोन

पोटगीच्या अर्जात पहिलं नाव आईचं असतं. त्याखाली 'अर्जदार क्रमांक २' म्हणून मुलाचं किंवा मुलीचं नाव येतं. वय तीन वर्षं, धंदा काही नाही, अज्ञान असल्यामुळे तर्फे आई. समोर गैरअर्जदार म्हणून वडील. आपण वडिलांविरुद्ध कोर्टात गेलोय हे त्या तीन वर्षांच्या पोराला कळत नाही. कळतं तेव्हा ते आठवी-नववीत असतं, आणि कधीकधी तारखा तोवरही चालूच असतात. हे पान वाचणाऱ्यांत असे दोन नंबरचे अर्जदार नक्की असतील. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तारखेला आईसोबत जायला कुणीतरी लागतं, आणि मोठं झाल्यावर ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच असता.

गावाकडे पोटगीला खावटी म्हणतात. "कोर्टानं खावटी बांधून दिली" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चला, मिटलं. मिटलेलं काहीच नसतं. आदेश देणं कोर्टाचं काम, पण दर महिन्याला पैसे आले की नाही हे कोर्ट आपणहून बघत नाही. आले नाहीत तर बाईनंच परत जायचं, वसुलीचा अर्ज टाकायचा, नवऱ्याचा पत्ता द्यायचा, वॉरंटचं काय झालं ते विचारत राहायचं. अमेरिकेत १९७५ पासून यासाठी सरकारी यंत्रणा आहे. पगारातून रक्कम परस्पर कापली जाते आणि थकबाकी २५०० डॉलरच्या वर गेली तर बापाला पासपोर्टसुद्धा मिळत नाही. जर्मनीत बाप देत नसेल तर सरकार आधी मुलाला पैसे देतं आणि मग बापाच्या मागे लागतं. आपल्याकडे मागे लागणारी एकटी आई. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरून तिला तालुक्याच्या कोर्टात यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे वेगळंच.

वर्षाचं घड्याळ

कायदा तसा साधा आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम १४४ झालं. ऐपत असलेल्या माणसानं बायकोला, मुलांना, आईवडिलांना सांभाळायचं टाळलं तर कोर्ट दरमहा रक्कम ठरवून देतं. आईबापाचं रीतसर लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क जात नाही. अर्ज बाई राहते तिथल्या कोर्टात करता येतो. म्हणजे नवरा पुण्यात असला तरी रिसोड किंवा मंगरुळपीरची बाई आपल्याच तालुक्यात केस टाकू शकते.

आता मुख्य गोष्ट, जी आदेश हातात पडताना बाईला कुणी नीट सांगत नाही. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवं असेल तर हप्ता थकल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

हिशेब करून बघा. समजा महिन्याला ३००० रुपये ठरले. बापानं २० महिने काही दिलं नाही. थकले ६०,०००. आई वाट बघत राहिली, कारण दरवेळी निरोप येत होता की सोयाबीन विकलं की देतो. विसाव्या महिन्यानंतर ती कोर्टात गेली, तर वॉरंटनं वसूल होतील ते मागच्या १२ महिन्यांचे ३६,०००. आधीचे २४,००० या रस्त्यानं मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल या खटल्यात सांगितलं की वर्षाची अट फक्त या झटपट रस्त्याला आहे, मूळ देणं त्यामुळे बुडत नाही आणि दिवाणी दावा करता येतो. पण तीन हजारांसाठी झगडणाऱ्या बाईला दिवाणी दावा करा म्हणणं म्हणजे काय, हे दिवाणी कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. माझं स्पष्ट मत आहे की ही अट बापाच्या सोयीची आहे. गोड बोलून वर्ष काढलं की त्याचा फायदा होतो. अट आहे तोवर उपाय एकच: कॅलेंडरवर खूण करायची आणि "देतो देतो" चालू असतानाही अर्ज टाकून द्यायचा. पैसे आले तर अर्ज निकाली निघतो, नुकसान काही नाही.

दुसरी बारीक गोष्ट. पोटगी शक्यतो बँकेच्या खात्यावर मागा. रोख दिल्याचं सांगणारे साक्षीदार गावात लगेच उभे राहतात. पासबुक मात्र फिरत नाही.

नागपूरची केस

पोटगीवरचा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा निकाल आपल्या विदर्भातून गेला आहे. रजनेश विरुद्ध नेहा. मुलगा झाल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, बायको सासर सोडून निघाली. त्याच सप्टेंबरमध्ये तिनं स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाचा आदेश आला ऑगस्ट २०१५ मध्ये: तिला महिना १५,०००, मुलाला आधी ५००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये हरला. मग सर्वोच्च न्यायालयात. तिथला निकाल ४ नोव्हेंबर २०२०.

अर्ज 'अंतरिम' होता, म्हणजे मुख्य केसचा निकाल लागेपर्यंत तात्पुरती सोय. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं २००१ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच लिहिलंय. इथे तात्पुरत्या सोयीवरचा वाद संपायला सात वर्षं गेली. अपिलाच्या कागदांवर तो मुलगा 'प्रतिवादी क्रमांक २' आहे. तान्हा असताना आईनं त्याच्यासाठी अर्ज केला, निकाल लागला तेव्हा तो शाळेत जायच्या वयाचा होता.

निकालात मात्र कामाच्या गोष्टी आहेत. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि आर. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी आदेशाच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून द्यायची. दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. मुलाच्या खर्चात जेवण, कपडे, घर, औषधपाणी आणि शिक्षण तर धरायचंच, पण कोचिंग क्लासचा वाजवी खर्चही धरायचा. नीटच्या क्लाससाठी अकोला किंवा लातूर गाठणाऱ्या वाशिमच्या पोरांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. जुना आदेश तीन वर्षांच्या बाळाचा खर्च बघून झालेला असतो. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून मागता येते, त्यासाठी वेगळा अर्ज करायचा.

प्रतिज्ञापत्राचा नमुना मी पूर्ण वाचला. मला त्यातला दुसरा नमुना फार आवडला, कारण तो खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, "साहेब, माझ्या नावावर काहीच नाही, सातबारा बाबांच्या नावावर." तर हा नमुना विचारतो: मालकीची जमीन किती, आणि सामाईक असेल तर तुमचा हिस्सा किती? कोरडवाहू की ओलिताची? वर्षभरात कोणती पिकं घेतली? गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न? जमीन बटाईनं घेतली आहे का? गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती? जमिनीवर कर्ज आहे का? दिल्लीत बसून कुणीतरी गावातल्या चावडीवरचे प्रश्न कागदावर आणलेत. यात खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. पण खोटं आहे हे दाखवायचं कुणी? पुन्हा बाईनंच.

इथे दोन नंबरचा अर्जदार कामाला येतो. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघता येतात. "बेरोजगार आहे" म्हणणाऱ्या बापाचं इन्स्टाग्राम उघडं असतं, त्यावर नवी गाडी असते, कंपनीच्या गेटसमोरचा फोटो असतो. आईला जे शोधता येत नाही ते तुम्हाला दहा मिनिटांत सापडतं. स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा आणि वकिलाकडे द्या. बापाला मेसेज करून भांडू नका, तो प्रोफाइल बंद करेल. आणि खरंच कामधंदा नसला तरी हात वर करता येत नाहीत. धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अंजू गर्ग खटल्यात म्हटलंय.

"सदर इसम मिळून आला नाही"

पोटगीच्या केसमधलं हे सगळ्यात त्रासदायक वाक्य. समन्स किंवा वॉरंट गावच्या पत्त्यावर जातं, घरचे सांगतात तो इथे राहत नाही, आणि कागद हा शेरा घेऊन परत येतो. वाशिममधून पुण्या-मुंबईला कामाला जाणं घरोघरी आहे, त्यामुळे माणूस खरोखर तिकडे असतोही. पण पोटगीचा आदेश वाशिमपुरता नसतो. ज्याच्याविरुद्ध आदेश आहे तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडून अंमलबजावणी करून घेता येते. फक्त माणूस तोच आहे आणि पैसे दिलेले नाहीत, एवढी खात्री पटवावी लागते. यासाठी आदेशाची प्रत लागते, आणि ही प्रत अर्जदाराला मोफत द्यायची असं कायद्यातच आहे. कुणी प्रतीचे पैसे मागितले तर हे सांगा.

वॉरंटवर वसुली दंडासारखी होते. जंगम मालमत्ता जप्त करून विकता येते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम काढता येते. त्यानंतरही थकबाकी राहिली तर एक महिन्यापर्यंत कैद. "जाऊ द्या, महिनाभर बसून येतो, हिशेब संपला" असं पारावर ऐकायला मिळतं. संपत नाही. कैद हा पैसे काढण्याचा दबाव आहे, पैशांचा बदला नाही, हे १९८९ मध्येच कुलदीप कौर खटल्यात ठरलंय. बाहेर आल्यावर रक्कम तेवढीच उभी असते.

पैसे द्यायचे पण छळून द्यायचे, असंही घडतं. जून २०२३ मध्ये जयपूरला एकानं ५५,००० रुपयांची थकबाकी एक-दोन रुपयांच्या नाण्यांत आणली, सात पोती, २८० किलो. कोर्टानं त्यालाच हजार-हजाराच्या पिशव्या करून मोजून द्यायला लावलं. बातमी व्हायरल झाली, सगळे हसले. थकबाकी ५५,००० पर्यंत चढेपर्यंत घर कसं चाललं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बाप पगारदार असेल तर सरळ रस्ता आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम २० खाली न्यायदंडाधिकारी थेट मालकाला सांगू शकतात की पगारातला भाग बाईला द्या किंवा कोर्टात भरा. चाकणच्या कारखान्यात कायम नोकरी असलेल्याला हे लागू पडतं. रोजंदारीवर किंवा ठेकेदाराकडे असलेल्याचा पगार कुठून पकडणार? तिथे हा रस्ता अडतो.

वकिलाची फी ही खरी भीती असते. महिला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. वाशिमला जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. केस चालू असताना घर चालवायला एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. ती घ्यावीच. फक्त बापानं म्हणू नये की सरकार देतंय ना.

अठरा झाल्यावर

बारावीचा निकाल, सीईटी, कॉलेजची फी आणि अठरावा वाढदिवस हे सगळं एकाच सुमारास येतं. मुलाची पोटगी साधारणपणे नेमकी तेव्हाच थांबते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलांना पुढेही मिळते. हिंदू कुटुंबातल्या अविवाहित मुलीला, ती स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर, १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली लग्न होईपर्यंत वडिलांकडून निर्वाह मागता येतो. अभिलाषा खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे न जाता दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयात जावं लागतं, आणि अर्जावर या वेळी पहिलं नाव मुलीचं असतं.

अठराच्या आधी थकलेले हप्ते वाढदिवसाला पुसले जात नाहीत. पण वर्षाचं घड्याळ त्यांनाही लागू आहे. जूनमध्ये अठरा पूर्ण होत असतील, तर मागच्या जुलैपासूनचे हप्ते याच महिन्यात अर्जात लिहून टाका. पुढच्या महिन्यात गेलात तर त्यातला एक कमी होईल.