ऑक्टेन आणि पिकअप ट्रकचे मायलेज

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे बहुधा पेट्रोलवर चालणारी पिकअप गाडी, आणि तिच्यात महागडे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यास मायलेज वाढते, असा समज तेथे रूढ आहे. वस्तुतः ऑक्टेन अंक हे इंधनातील ऊर्जेचे माप नसून, सिलिंडरमधील दाबाखाली आपोआप पेटून इंजिनात ठकठक निर्माण करण्यास ते इंधन किती विरोध करते, याचे माप आहे. अमेरिकी पंपावरील ८७ हा अंक दोन चाचण्यांची सरासरी असतो, तर भारतात त्यांपैकी एकीचाच, तुलनेने मोठा अंक सांगतात; म्हणून तेथील ८७ हे येथील ९१च्या जवळपास ठरते.

ज्या इंजिनाची रचनाच ८७साठी झाली आहे, त्यास ९३ देणे हा निव्वळ अपव्यय होय. मात्र फोर्ड एफ-१५०च्या इकोबूस्टसारख्या टर्बो इंजिनात, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या इंजिनात, उन्हाळ्यात जड ट्रेलर ओढताना ठकठक जाणवू लागताच संगणक ठिणगी उशिरा पाडतो व कार्यक्षमता घटते. तेथे अधिक ऑक्टेनचा खरा उपयोग होतो, पण तोही माफकच, आणि इंधनाच्या किमतीतील फरक त्यातून सहसा भरून निघत नाही. शिवाय ऑक्टेन वाढवण्यासाठी मिसळलेल्या इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने, त्याचे प्रमाण जास्त असलेल्या इंधनावर मायलेज उलट घटते.