दिवस गेल्यावर डाग दिसला तर

श्रोतेहो, आपल्याकडे एक जुनी रीत आहे. सुनेला दिवस गेले, तरी तीन महिने पुरे होईपर्यंत ही गोष्ट घराबाहेर बोलायची नाही. या रीतीमागे मायाच आहे. पण नेमक्या याच तीन महिन्यांत रक्ताचा डाग दिसला, तर त्या मुलीने सांगावे कोणाला? मग पुष्कळदा ती गप्प बसते. आज बोलायचे आहे ते या गप्प बसण्याविषयी.

मी डॉक्टर नव्हे, शब्द शिकवणारा मनुष्य. तेव्हा आधी शब्दाचेच पाहू. अशी बाई दवाखान्यात गेली, की कागदावर कित्येकदा ‘थ्रेटन्ड अबॉर्शन’ असे लिहिलेले असते. घरातले कोणी शिकलेले पोर ते वाचते आणि रडारड सुरू होते. आपोआप पडलेला गर्भ आणि मुद्दाम पाडलेला गर्भ, दोहोंना आपण ‘गर्भपात’ हा एकच शब्द लावतो. त्यामुळे कोणाला वाटते मूल गेले. कोणाला वाटते हिनेच काही केले. दोन्ही चूक! त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की रक्त दिसले आहे, पण गर्भाशयाचे तोंड मिटलेले आहे. गर्भ जाण्याचा धोका आहे. तो गेलेला नाही.

आता हा धोका किती? पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे चार गरोदर बायकांपैकी एकीला थोडेफार रक्त दिसते. त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक जणींचे दिवस पुढे नीट भरतात. सहा-सात आठवड्यांनंतर सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले, तर दहांपैकी सुमारे नऊ जणींचा गर्भ टिकतो.

आणि नाही टिकला तर? असे लवकर पडणारे गर्भ पाहिले, तर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आढळते. ही चूक बहुधा गर्भ धरतानाच, योगायोगाने होते. त्यात आईचा दोष नाही, बापाचा नाही, ग्रहणाचा किंवा नजरेचा तर नाहीच नाही. अशा बहुतेक जणींना पुढच्या खेपेला सुखरूप मूल होते. नुसते खाटेवर पडून राहिल्याने गर्भ वाचतो, असेही दिसून आलेले नाही. अर्थात म्हणून तिच्या डोक्यावर उसाची मोळी द्यावी, असे कोणी समजू नये बरे का!

मात्र एका गोष्टीत हयगय नको. शंभरात एखाद-दोघींचा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. तेथे तो जगू शकत नाही. नलिका फुटली, तर रक्त पोटातच साचते; बाहेर दिसतो तो जेमतेम डाग. म्हणून बाहेरच्या रक्तावरून आतले माप काढू नका. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी, थंड घाम, यांपैकी काही असेल, किंवा तासाभरात दोन पॅड भिजत असतील, तर रात्र असो की पाऊस, 108 क्रमांकाला फोन करा आणि रुग्णालय गाठा. ताप किंवा दुर्गंधी असली, तरीही वाट पाहू नका.

साधा डाग असला, तरी त्याच दिवशी दाखवून यावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत. रक्तगट ‘निगेटिव्ह’ असेल, तर तो डॉक्टरांना आठवणीने सांगावा. काही वेळा त्यासाठी वेगळे इंजेक्शन लागते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. कोणी दवाखान्याचा कागद वाचून घ्यायला आणला, तर त्यावरच्या शब्दाचा खरा अर्थ सांगा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, बातमी तीन महिने बाहेर सांगायची नसेल, तर नका सांगू. पण गावच्या आशाताईंना ती पहिल्या महिन्यातच कळू द्या, आणि सुनेला एवढे बजावून ठेवा: “काही दिसलं, तर आधी मला सांग. मी रागावणार नाही.”