तारीख बदलली, पण वेबसाइटवर जुनीच!



मागे एकदा माझी कार्यशाळा शनिवारवरून रविवारवर ढकलली. पान दुरुस्त केलं, एफटीपीने सर्व्हरवर चढवलं, झालं काम. पण तारीख दोन पानांवर होती आणि मी चढवलं एकच. शनिवारी सकाळी नऊ वाजता साताऱ्याहून एक ताई पुण्यात हॉलच्या बंद दारासमोर उभ्या! त्यांनी फोन केला आणि माझ्याच वेबसाइटचा फोटो मला पाठवला. फी परत केली, गाडीभाडंही दिलं. ताई परत काही आल्या नाहीत.

तुमच्याकडे हेच दरपत्रकाचं होतं. दुकानात नवा दर, साइटवर जुना, आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून जुन्याच दराने मागतं.

यावर उपाय म्हणजे 'आता नीट लक्ष ठेवीन' असं ठरवणं नव्हे. ते मीही ठरवलं होतं. चढवण्याचं काम आपल्या हातातून काढून घ्यायचं.

आपल्यासारख्यांची साइट बहुतेक वेळा स्टॅटिक असते, म्हणजे आधीच तयार केलेली पानं, मागे डेटाबेस नाही. त्याला छोटासा भाड्याचा सर्व्हर पुरतो. "गिटहब पेजेस फुकट आहे की, मग सर्व्हर कशाला?" असं मला हमखास विचारतात. त्यांचे नियम वाचा: ऑनलाइन धंदा चालवायला ती फुकट सेवा वापरायची नाही, असं स्पष्ट लिहिलंय. माहितीपर साइटला ती छान आहे. पण ऑर्डर घ्यायच्या असतील तर आपली जागा हवी.

आता साखळी बघा. मजकूर गिटहबवर ठेवायचा. तारीख, फी, दर हे एकाच फाइलमध्ये. सगळी पानं तिथूनच घेतात. ती फाइल सेव्ह केली की गिटहब ॲक्शन्स जागं होतं, ह्यूगो नावाच्या प्रोग्रॅमकडून पानं बनवून घेतं आणि आरसिंकने तुमच्या सर्व्हरवर पाठवतं. आरसिंक फक्त बदललेलंच पाठवतं, त्यामुळे काम चटकन होतं. पानं बनवताना चूक निघाली तर गाडी तिथेच थांबते आणि जुनी साइट चालू राहते.

एक गंमत सांगतो, यात माझा एक तास गेलाय. कार्यशाळेची तारीख ह्यूगोच्या 'डेट' रकान्यात टाकली, तर ते पान 'भविष्यातलं' समजून बनवतच नाही! कार्यक्रमाच्या तारखेला वेगळा रकाना ठेवा.

आता खरी जोखमीची जागा: चावी. गिटहबला तुमच्या सर्व्हरमध्ये शिरायला एसएसएचची चावी द्यावी लागते. तुमची रोजची चावी देऊ नका, रूटची तर अजिबात नको. सर्व्हरवर या कामापुरता वेगळा युजर बनवा, त्याला फक्त साइटच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्या. त्याची खाजगी चावी गिटहबच्या 'सिक्रेट्स'मध्ये जाते, फाइलमध्ये कधीच नाही. दुकानातल्या पोऱ्याला आपण शटरची किल्ली देतो, तिजोरीची देतो का?

दुसरी जोखीम आरसिंकच्या 'डिलीट' पर्यायाची. इथून काढलेलं पान तिथूनही जावं म्हणून तो हवाच, नाहीतर जुनी पानं तशीच लोंबकळतात. पण पोचवायचा पत्ता चुकला, तर तिथलं भलतंच पुसलं जाईल. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ असेल तर आतला माल जातो; नसेल तर अख्खं फोल्डरच जातं. म्हणून पहिल्यांदा 'ड्राय रन' लावून चालवा. तो काय पाठवणार, काय पुसणार याची यादी दाखवतो, प्रत्यक्षात काही करत नाही.

सर्व्हरवर पानं दाखवायला मी कॅडी वापरतो, कारण एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तो स्वतःच घेतो आणि मुदत संपायच्या आत नवंही करतो.

गेल्या महिन्यात एसटीत बसलो होतो, हॉलवाल्याचा फोन आला: वेळ बदला. मोबाइलवर गिटहब उघडून एक ओळ बदलली. स्वारगेट यायच्या आत दोन्ही पानांवर नवी वेळ होती. तरी दोन्ही पानं उघडून बघितलीच.