चाकावरचा कोठीवाला

हॉटेलातली मिसळ आचारी करतो. पण तिचं तेल, मटकी, कांदे आणि पाव दारात आणून टाकतो तो टेम्पोवाला. जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीपर्यंत ढाबे, खानावळी आणि वसतिगृहांना किराणा पुरवणारी फेरी घ्या. अशा फेरीतलं पहिलं कौशल्य गाडी भरण्यात असतं. शेवटच्या गावाचा माल आधी, म्हणजे आतल्या बाजूला. पहिल्या गावाचा दाराशी. हा क्रम चुकला, तर अंबडलाच निम्मी गाडी उपसावी लागते. साखरेचं 50 किलोचं पोतं खाली, पापडाची खोकी वर. फिनाइल आणि साबण खाद्यपदार्थांपासून वेगळे.

प्रत्येक थांब्यावर नग मोजून द्यायचे, पोच घ्यायची, फुटका डबा परत घ्यायचा, कधी उधारीही वसूल करायची. सोबत हमाल नसेल, तर तेलाचे 15 किलोचे डबे चालकच वाहतो. म्हणून हे काम पायांइतकंच कमरेचंही आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा दूध-पनीर पहाटेच पोचवावं लागतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं, तर 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केलं. 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 मध्ये सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीची अट होती. पण दुपारच्या जेवणाच्या वेळेआधी माल पोचवायचा असतो. दुसऱ्यांची जेवणं वेळेवर व्हावीत, म्हणून टेम्पोवाल्याचा डबा बहुधा उशिराच उघडतो.